हातचा एक

दिवाळी आली की दुकानात वहीपूजन आणि घरात हिशेब, हे ठरलेलेच. बोनस किती आला, कापडात किती गेला, फराळात किती मुरला आणि भाऊबीजेच्या ताटात घालायला काय उरले, ह्याची शेवटची बेरीज चालू असते. घरातली कर्ती बाई ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत असते. कान देऊन ऐकावे तर दोनच शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येतात : "हातचा एक."

ह्या दोन शब्दांवर यंदाच्या दिवाळी अंकातली आमची सारी पाने खर्ची पडणार आहेत. वाचक म्हणतील, दुसरीतल्या पोरांचा विषय हा, तो आमच्या गळ्यात का? पण मौज अशी की, जगातली अत्यंत चपळ गणिती यंत्रे ह्या हातच्यापाशीच अडखळतात. सेकंदाला कोट्यवधी बेरजा करणाऱ्या चिपा घडवताना मोठमोठ्या इंजिनियरांनी डोके खाजवले, ते ह्या हातच्याचे काय करावे म्हणूनच.

वाचकांनी क्षणभर अशी कल्पना करावी की, गच्चीच्या कठड्यावर आठ पणत्या ओळीने मांडल्या आहेत. पेटलेली पणती म्हणजे एक, विझलेली म्हणजे शून्य. सर्वांत उजवीकडच्या पणतीची किंमत १, तिच्या शेजारणीची २, पुढे ४, ८, १६ अशी दुप्पट होत होत डावीकडच्या आठवीची १२८. संगणकातले सगळे आकडे असेच मांडलेले असतात. शून्य आणि एक ह्यांच्यापलीकडे तिसरा अंक त्याला ठाऊकच नाही. आठही पणत्या पेटल्या असतील, तर ती संख्या झाली २५५.

आता तीत एक मिळवा. पहिली पणती आधीच पेटलेली. एक आणि एक दोन. पण दोन हा अंक इथे नाही! म्हणून पहिली पणती विझवायची आणि हातचा एक दुसरीकडे द्यायचा. दुसरीही पेटलेलीच, तीही विझते आणि हातचा तिसरीकडे जातो. असे करत करत हातचा ओळीच्या टोकाला पोचतो, आठही पणत्या विझतात आणि डावीकडे नववी, एकटीच, पेटते. २५६.

आता आठव्या पणतीच्या मनाचा विचार करा. पेटावे की विझावे, हे तिला सातवीचा निकाल लागेपर्यंत कळत नाही. सातवी सहावीकडे पाहते, सहावी पाचवीकडे. आठ पणत्यांचे ठीक आहे, पण ६४ अंकी संख्या असली म्हणजे? बेरजेतली खरी मेहनत मिळवण्यात नसून वाट पाहण्यात आहे, ती अशी.

ही अडचण आजची नव्हे. फ्रान्समधल्या ब्लेझ पास्कालने १६४२ साली, वडिलांचे करवसुलीच्या हिशेबाचे कष्ट हलके व्हावेत म्हणून, बेरजेचे यंत्र करायला घेतले. त्यात आकड्यांची चाके होती. चाक फिरत जाईल तसतसे एक छोटे वजन वर उचलले जाई आणि नवावरून शून्यावर येताच ते खाली पडून पुढच्या चाकाला एक घर ढकली. हातच्याचे ओझे चाकाने वाहण्याऐवजी वजनाने वाहिले, ही त्यातली अक्कल. पुढे इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या 'अॅनालिटिकल इंजिना'च्या आराखड्यात आणखी वरची युक्ती योजली : हातचा येण्याची वाट न पाहता तो कुठवर जाणार हे यंत्रानेच आधी ओळखायचे आणि सगळे हातचे एकाच फटक्यात मिळवायचे. बॅबेजच्या हयातीत ते इंजिन काही पुरे झाले नाही; पण त्याने बोट ठेवले ते अगदी नेमक्या दुखण्यावर.

आता आजच्या काळात येऊ. ज्या चिपेची गोष्ट आम्हाला सांगायची आहे, तिचे नाव जरा लांबलचक आहे : फील्ड प्रोग्रॅमेबल गेट अॅरे. एरवीची चिप कारखान्यातून निघते ती आपली जन्मपत्रिका घेऊनच. घड्याळाची चिप घड्याळच चालवणार, तिला उद्या रेडिओ हो म्हटले तर ती होणार नाही. ही चिप मात्र कोऱ्या पाटीसारखी असते. विकत घेणाऱ्याने तिच्यात हवे ते सर्किट भरावे, नको झाले की पुसावे, दुसरे भरावे. बहुतेक चिपांची वीज गेली की पाटी आपोआप कोरी होते आणि वीज आल्यावर धडा पुन्हा गिरवून घ्यावा लागतो. अमेरिकेतल्या झायलिंक्स कंपनीने १९८५ साली अशी पहिली चिप बाजारात आणली. तिच्यामागची कल्पना कंपनीच्या संस्थापकांपैकी रॉस फ्रीमन ह्यांची. त्या चिपेत ६४ ठोकळे होते. त्याच कंपनीने २०१९ साली जाहीर केलेल्या एका चिपेत, तिच्याच मोजणीप्रमाणे, अशी सुमारे ९० लाख घरे होती. १९८९ साली निवर्तलेल्या फ्रीमन ह्यांना ही वाढ पाहायला मिळाली नाही.

ह्या ठोकळ्यांच्या पोटात काय असते? वाचकहो, पाढे! जुन्या शाळेत ज्यांनी पावकी, निमकी, सवायकी, दिडकी घोकली आहे, त्यांना हे चटकन पटेल. अशा माणसाला 'सात अडीच किती' म्हणून विचारा; 'साडेसतरा' हे उत्तर प्रश्न संपायच्या आत येते. तो गुणाकार करत नाही, त्याला उत्तर पाठ असते. चिपेतला ठोकळाही तसाच. त्याच्याकडे समजा सहा तारा येतात. प्रत्येकीवर शून्य किंवा एक. सहा तारांच्या मिळून ६४ तऱ्हा होतात. ठोकळ्यात ६४ खण असतात आणि प्रत्येक खणात एकेक उत्तर लिहून ठेवलेले. तारांवर जी तऱ्हा दिसेल त्या खणातले उत्तर बाहेर. विचार नाही, आकडेमोड नाही, नुसते पाठांतर. आणि खणांतली उत्तरे बदलली की तोच ठोकळा दुसरा पाढा म्हणू लागतो. चिपेचे सारे बहुरूपीपण ह्यात आहे.

मग बेरीज म्हणजे किरकोळ काम. प्रत्येक स्थानाचे तीन पाहुणे : वरचा अंक, खालचा अंक आणि आलेला हातचा. तिघांच्या आठच तऱ्हा. आठ ओळींचा पाढा लिहिला की झाले. पण थांबा, हातचा! एका ठोकळ्याने काढलेला हातचा दुसऱ्या ठोकळ्याकडे न्यायचा, तर तो चिपेवरच्या सार्वजनिक तारांतून, ह्या वळणावरून त्या वळणावर, सरकारी कचेरीतल्या कागदासारखा फिरत जाणार. एकेका ठिकाणी लागणारा वेळ डोळ्याला दिसणारही नाही. पण ६४ टेबले फिरायची म्हटल्यावर बेरजेचे बारा वाजलेच.

म्हणून ह्या चिपा घडवणाऱ्यांनी हातच्यासाठी खास रस्ता बांधला. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आलेल्या झायलिंक्सच्या 'एक्ससी ४०००' मालिकेत असा रस्ता होता. आज तो सगळीकडे सर्रास असतो. त्याची युक्ती समजण्याजोगी आहे, आणि सुंदर आहे.

एखाद्या स्थानावरचे दोन अंक नुसते न्याहाळा. दोन्ही शून्य असतील, तर मागून हातचा येवो न येवो, पुढे काही जाणार नाही. दोन्ही एक असतील, तर मागून काही येवो न येवो, पुढे हातचा जाणारच. एक शून्य आणि एक एक असेल, तर मात्र मागून जे येईल तेच पुढे जाईल. म्हणजे प्रत्येक स्थानाला आपले धोरण हातचा येण्याच्या आधीच ठरवता येते! मग सगळ्या स्थानांनी ते एकाच क्षणी ठरवून का ठेवू नये?

नेमके तेच केले जाते. डेक्कन क्वीन मुंबईहून सुटली आणि वाटेतल्या प्रत्येक स्टेशनात सांधेवाला गाडी समोर येऊन उभी राहिल्यावर विचार करू लागला, तर ती पुण्याला केव्हा पोचेल? गाडी भरधाव जाते ती पुढचे सांधे आधीच लावलेले आणि सिग्नल आधीच पडलेले असतात म्हणून. चिपेतही तसेच. सगळे ठोकळे आपापला सांधा एकदमच लावतात : 'मागचा येऊ दे' किंवा 'माझाच जाऊ दे'. मग हातचा खास रुळावरून, शेजारून शेजारी, कुठेही चौकशीला न थांबता निघतो. त्याला प्रवास चुकत नाही. चुकतात ते वाटेतले मुक्काम.

दोन संख्यांची बेरीज ही अशी मार्गी लागली. पण वाण्याच्या यादीत दोनच रकमा असतात थोड्याच? वीस रकमा मिळवायच्या, तर वीस वेळा हातच्याची गाडी सोडायची काय? इथे आपल्या बोलीतलाच एक शब्दप्रयोग कामी येतो : हातचे राखून. ४७८, २६५ आणि १८९ ह्या तीन रकमा घ्या. घरातल्या तिघांना एकेक रकाना वाटून द्या. एकंवाला म्हणेल, "बावीस, दोन मांडले, हातचे दोन." दहंवाला त्याच वेळी म्हणेल, "एकवीस. एक मांडला, हातचे दोन." शतंवाला म्हणेल, "सात." कोणी कोणाची वाट पाहिली नाही. मांडलेले अंक झाले ७१२. हातचे मात्र मिळवायचे नाहीत. ते एकेक घर डावीकडे सरकवून निराळ्या ओळीत ठेवायचे : २२०. तीन रकमांच्या दोन झाल्या आणि हातचा एक पाऊलही धावला नाही. आणखी रक्कम आली की पुन्हा तिनाच्या दोन. अगदी शेवटी, एकदाच, ७१२ आणि २२० मिळवा : ९३२. रोजच्या उधारीवर रोज भांडत न बसता महिनाअखेर खाते एकदम मिटवावे, तसला हा शहाणपणा आहे.

गुणाकाराचे गुपितही ह्यातच आहे. शून्य आणि एक एवढेच अंक असल्यामुळे संगणकाला दोनच पाढे लागतात : शून्याचा आणि एकाचा! १३ गुणिले ५ करायचे, तर ५ म्हणजे ४ अधिक १. तेव्हा १३ जसेच्या तसे मांडायचे, त्याखाली तेच दोन घरे डावीकडे सरकवून, म्हणजे ५२, मांडायचे आणि मिळवायचे : ६५. म्हणजे गुणाकार ही एक भली लांब बेरीज. १८ अंकी संख्येने गुणायचे तर १८ ओळी. हातचे राखून त्या झटपट आटोपण्याची झाडासारखी रचना ख्रिस्तोफर वॉलेस ह्यांनी १९६४ साली मांडली. गुणाकाराला गिऱ्हाईक फार, म्हणून २००० सालच्या सुमारापासून ह्या चिपांत पाढ्यांच्या ठोकळ्यांबरोबर तयार गुणाकार-यंत्रेही बसवू लागले. मोठ्या चिपेत ती हजारांनी असतात.

आता एक शंका कोणाही चाणाक्ष वाचकाच्या मनात येईल. घरच्या संगणकाचा प्रोसेसर सेकंदाला ३०० कोटींच्या वर ठोके देतो. आमच्या ह्या चिपेचे ठोके साधारण २० ते ५० कोटी. मग वेगवान कोण?

उत्तरासाठी स्वयंपाकघरात चला. एक सुगरण एकटीच करंज्या करते आहे. पारी लाटली, सारण भरले, कातण्याने कड कापली, तेलात सोडली. मग दुसरीला हात. तिचा हात कितीही चलाख असो, करंज्या एकामागून एकच होणार. उलट शेजारच्या घरी चौघीजणी ओळीने बसल्या आहेत. एक नुसती लाटते, दुसरी भरते, तिसरी कापते, चौथी तळते. ह्यांचे हात मंद आहेत, प्रत्येक कामाला एक मिनिट लागते. पहिली करंजी चार मिनिटांनी निघाली खरी, पण त्यानंतर दर मिनिटाला एक! आणि जागा असेल तर अशा दहा पंगती मांडता येतात. प्रोसेसर ही एकटी सुगरण; आजकाल तिच्या मदतीला दोन-चार जावा असतात आणि त्याही एका वेळी बरीच कामे उरकतात, पण प्रत्येक कामाआधी 'आता काय करायचे' हे वहीत वाचावे लागतेच. ह्या चिपेत वही नाही. जिला जे काम, ते तिच्या जागेतच कोरलेले. हजार गुणाकार-यंत्रे ३० कोटी ठोक्यांनी एकदम चालली, तर सेकंदाला ३० हजार कोटी गुणाकार होतात. शिवाय पहिले उत्तर किती ठोक्यांनी येणार, हे घड्याळ लावून सांगता येते. नुसत्या गुणाकारांची रास घालण्यात ग्राफिक्स प्रोसेसर हिला मागे टाकतील, पण वेळेच्या ह्या नेमकेपणात हिचा हात धरणारे थोडे.

हा नेमकेपणा कुणाला हवा? ज्याचे काम थांबून राहत नाही, त्याला. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तबकड्या २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या आहेत. दिवंगत गोविंद स्वरूप ह्यांनी ती उभारली. सुधारणा झाल्यानंतर तिचा सर्वांत रुंद पट्टा ४०० मेगाहर्ट्झचा झाला, म्हणजे प्रत्येक तबकडीच्या दोन्ही लहरी सेकंदाला ८० कोटी वेळा मोजायच्या. साठ प्रवाहांचे मिळून झाले ४८०० कोटी आकडे, दर सेकंदाला! हे आकडे झेलून, नीट बांधून पुढच्या संगणकांकडे रवाना करण्याचे काम ह्या चिपा करतात. तिथे ग्राफिक्स प्रोसेसर तबकड्यांच्या ४३५ जोड्यांचे गुणाकार करतात. आकाशातून आलेली लहर 'जरा थांब' म्हटल्याने थांबत नाही. झेलली तर आपली, नाहीतर कायमची गेली.

जिनिव्हाजवळच्या सर्न ह्या संस्थेतल्या २७ किलोमीटरच्या वर्तुळात तर ह्याहून कसोटी. तिथे प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला ४ कोटी वेळा एकमेकांतून जातात. सगळ्या टकरींची नोंद ठेवायला जगात जागा नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ ज्यात आहेत, त्या सीएमएस प्रयोगात पहिली चाळण ह्या चिपांची. टक्कर झाल्यापासून ४ मायक्रोसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाच्या अडीच लाखाव्या भागात, 'ठेवा' की 'टाका' हा निकाल लागतो आणि ४ कोटींतून सुमारे १ लाख उरतात. निकाल लागेपर्यंत मागून दीडशेच्या आसपास टकरी झालेल्या असतात. करंज्यांच्या पंगतीसारख्या त्या ओळीने पुढे सरकत राहतात. टाकलेली टक्कर परत मिळत नाही. एखाद्या अजाण कणाची एकुलती एक खूण तीत असली, तरीही नाही.

वेगाचे एवढे कौतुक झाल्यावर त्याची किंमतही सांगायला हवी. ह्या चिपेत संख्या किती अंकी ठेवायची, हे घडवणाराच ठरवतो. सात अंकांत भागत असेल तर आठवा ठेवायचा नाही. जागा वाचते, हातच्याचा रस्ता आखूड होतो. पण काटकसर कुठे थांबवावी, हे कळले पाहिजे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या धाहरान येथे काय घडले ते पाहा. तिथले पॅट्रियट क्षेपणास्त्र-यंत्र निराळ्या धाटणीचे होते, पण गणित हेच. त्याचे घड्याळ सेकंदाचे दशांश मोजी. आपल्या दशांशात एक तृतीयांश जसा कधी संपत नाही, तसा शून्य-एकाच्या लिपीत एक दशांश संपत नाही. २४ अंकांनंतरचे शेपूट छाटलेले. छाट इतकी बारीक की कोणाच्या खिजगणतीत नाही. पण यंत्र १०० तास अखंड चालले आणि चूक साचत साचत सेकंदाच्या एक तृतीयांशाएवढी झाली. तेवढ्यात स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून पुढे जाते. यंत्र आकाशाच्या भलत्याच कोपऱ्यात पाहत राहिले आणि २८ अमेरिकन सैनिक मरण पावले.

तात्पर्य काय? पास्कालच्या चाकापासून आजच्या चिपेपर्यंत हातच्याचा नायनाट कोणीही करू शकलेला नाही. कोणी त्याला वजनावर लादले, कोणी त्याच्या वाटेतले सांधे आधीच लावून ठेवले, कोणी त्याला बाजूच्या ओळीत बसवून अखेरीस एकदाच बोलावले. पण मिळवल्याशिवाय त्याची सुटका नाही आणि आपलीही नाही. तो केव्हा मिळवायचा, एवढेच काय ते आपल्या हातात. आणि वेग म्हणतात तो तेवढ्यातूनच येतो. हातचा राखून ठेवणारा शहाणा ठरतो आणि विसरणारा कर्जात जातो, हे तर वहीपूजनाला बसलेल्या कोणत्याही दुकानदाराला आमच्याआधीच ठाऊक आहे!